बिनखुणेची पिन

मल्हारी पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा त्याने खुर्ची आधी हलवून पाहिली, मग बसला. आधार कार्डाची झेरॉक्स दिली, तिच्यावर तिरकी रेघ मारून आधीच लिहिलेलं होतं, 'फक्त उद्योग नोंदणीसाठी, बन्सीधर यांच्या हातात दिली', आणि खाली तारीख. मोबाइलवर ओटीपी आला तर तो मला सांगेना. म्हणाला, तुम्ही उठा, मी टाकतो. मी माझ्याच खुर्चीवरून उठून दारात उभा राहिलो आणि त्याने एका बोटाने सहा आकडे टाकले. त्या दिवशी मी ठरवलं होतं की ह्या माणसाचं काम पुन्हा घ्यायचं नाही. त्याला चौदा वर्षं झाली आणि आजही त्याचे सगळे कागद मीच करतो.

माझा धंदा कागदांचाच. परभणीत उद्योग खात्याच्या कचेरीसमोर माझी आठ बाय दहाची खोली आहे. नोंदणी, अनुदानाचे अर्ज, बँकेसाठी प्रकल्प अहवाल, वीज सवलतीचे फॉर्म. सरकार मुंबईत बसून धोरण काढतं, आणि ते एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडापर्यंत पोचवायला मधे माझ्यासारखा माणूस लागतो. लोक मला दलाल म्हणतात, मी पाटीवर सल्लागार लिहिलं आहे. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या कारखानदारांपैकी निम्मे मला फसवायला निघालेले होते आणि निम्मे मी त्यांना फसवीन म्हणून घाबरलेले. मल्हारी दुसऱ्या गोटातला, आणि त्या गोटाचा म्होरक्या.

त्याचं गाव पेडगाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पावसाळा सरला की बाप कळप घेऊन जिंतूर, चारठाण्याकडे निघायचा आणि हा दहा वर्षांचा पोर घोंगडी खांद्यावर टाकून मागे. बापाने त्याला लिहायला शिकवलं नाही, पण शक घ्यायला मात्र मन लावून शिकवलं. बाप म्हणायचा, लांडगा निदान रातीला येतो, व्यापारी दिवसाढवळ्या येतो. मेंढरं मोठ्याने मोजायची नाहीत, मोजली की कमी होतात, असंही त्यांच्यात मानतात. तोंडावरून ओळखायची. शिवाय प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली असते, कुणाचा डाव्या कानाला काप, कुणाचा उजव्याला, कुणाचा शेंड्याला. एक मेंढरू मात्र खंडोबाच्या नावाने सोडलेलं असतं. त्याचा कान कापत नाहीत, त्याला काठी लावत नाहीत, विकतही नाहीत. हे सगळं मला मल्हारीनेच सांगितलं, तेही पहिली पाच-सहा वर्षं गेल्यावर.

मेंढरांमागे जाणारा हा पोर पुढे आयटीआयला जाऊन टर्नर झाला. संभाजीनगरकडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं लेथ चालवला. मग साठवलेल्या पैशातून एक जुना लेथ घेऊन परभणीच्या एमआयडीसीत शेड टाकली. तो करतो ती वस्तू अंगठ्याएवढ्या जाडीची आणि वीतभरापेक्षा कमी लांब. टेम्पोच्या चाकावरचे जे कमानपाटे असतात, त्यांना गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारी पिन. मधोमध ग्रीस जायला एक भोक. मोठ्या कंपनीला लहान कंपनी माल देते, लहानीला तिच्याहून लहान, आणि ह्या सगळ्या उतरंडीच्या तळाला मल्हारी. वाहन उद्योगाच्या धोरणाचे जाडजूड कागद मी वाचलेत. त्यात ह्या तळाच्या मडक्याचं नाव एकदा येतं, प्रस्तावनेत.

पोलाद जालन्याच्या व्यापाऱ्याकडून यायचं. सोबत तपासणीचा दाखला यायचा, शिक्का असलेला. मल्हारी दाखला बाजूला ठेवायचा आणि माझ्याकडे बघत म्हणायचा की कागद कसा तयार होतो ते त्याला चांगलं ठाऊक आहे. मग प्रत्येक सळईचं टोक तो ग्राइंडरला लावायचा. पक्क्या पोलादाची ठिणगी पुढे जाऊन फुलते, फुलबाजीसारखी. नरम लोखंडाची सरळ रेघ मारून विझते. पोलाद तपासायचं यंत्र परभणीत नव्हतं, आजही नाही. दोनशे किलोमीटर पाठवा, तीन-चार दिवस थांबा. त्यामुळे मल्हारीचे डोळे हीच आमची प्रयोगशाळा. दहा सळयांतली एखादी-दुसरी तो परत पाठवायचा आणि व्यापारी फोनवर माझ्या नावाने ओरडायचा.

त्याचा शक कुणावर नव्हता ते सांगणं सोपं. वीजमीटरवर होता, वजनकाट्यावर होता, फुकट चष्मे वाटणाऱ्या शिबिरावर होता. माझ्यावर तर होताच. पण सगळ्यात जास्त होता तो रामप्रसादवर. रामप्रसादची शेड तीन प्लॉट सोडून, तोही त्याच कंपनीला तीच पिन द्यायचा. त्याच्याकडे अनुदानातून घेतलेलं संगणकावर चालणारं यंत्र होतं, आणि त्या अनुदानाची फाईल मी केलेली असल्याने मी आपोआप रामप्रसादचा माणूस ठरलो होतो. मल्हारीचं म्हणणं असं की रामप्रसाद एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला आला आणि लेथवर पिन पकडायची ह्याची युक्ती बघून गेला. प्रसाद खाताना त्याची नजर लेथवर होती, हा पुरावा. मल्हारीची बायको कासाबाई हसून म्हणायची, ह्यांनी लग्नात हळद बी वास घेऊन मग लावून घेतली.

वर्षातून एक दिवस मात्र मल्हारी वेगळा असायचा. खंडेनवमीला तो लेथ धुऊनपुसून त्याला हार घालायचा, नव्या मालातली एक सळई लेथशेजारी उभी करायचा, तिला हळदकुंकू, नारळ. दसरा झाला की वर्षाचं काम त्या सळईपासून सुरू. मी दरवर्षी जायचो. त्या दिवशी तो मला स्वतःहून चहा विचारायचा आणि पेढा हातावर ठेवताना माझ्या खिशाकडे बघायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दर्जाबद्दल वरून नियम कडक होत चालले होते, म्हणून कंपनीने खालच्यांना कळवलं: प्रत्येक पिन कोणत्या सळईची, कोणत्या महिन्याची, कुणाच्या हातची, हे दाखवता आलं पाहिजे. जूनमध्ये तपासणी. जो नापास होईल त्याचा पुरवठादार क्रमांक बंद. हा क्रमांक म्हणजे ह्या लोकांचा श्वास. तो असेल तर कंपनी माल घेते, नसेल तर यंत्रासकट शेड म्हणजे नुसतं गोदाम.

मल्हारी ते पत्र घेऊन आला आणि म्हणाला, "हे आपल्याला उठवायचे धंदे हायेत, बन्सीभाऊ. मोठ्याला मोठं करायचं आन्‌ बारक्याला भुईत घालायचं."

त्याचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. असे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठा कारखाना असतो, जिथे फायली सांभाळायलाच चार माणसं पगारावर असतात. इथे लेथ चालवणारा, माल बांधणारा आणि संध्याकाळी झाडू मारणारा एकच. हा राग मला बावीस वर्षं येतोय. पण त्या पिनेवर माणसं बसलेली असतात हेही खरं, आणि तसं मी त्याला म्हणालो. तो माझ्याकडे असा बघत राहिला की पत्र मीच लिहून घेतलंय.

मग निकिता आली. गंगाखेडची पोर, इंजिनीअर झालेली, सरकारच्या एका योजनेत लहान कारखान्यांना ही घडी बसवून द्यायचं काम करणारी. तिचा पगार सरकार देणार, कारखानदाराने फक्त माहिती द्यायची. फुकट म्हटल्यावर मल्हारीचे कान उभे राहिले. त्याने तिला चार खेपा शेडबाहेर लिंबाखाली उभं केलं. कचेरीत फोन करून ती खरंच तिथे कामाला आहे का विचारलं. तिचं आजोळ रामप्रसादच्या गावचं तर नाही ना, हे शोधायला मला लावलं. मी चिडून शोधलं, नव्हतं.

पाचव्या खेपेला उन्हात उभी असताना तिने कचऱ्याच्या डब्यातली एक पिन उचलली आणि अंगठा फिरवला. डोक्याच्या कडेला बारीक खाच होती. तिने दुसरी उचलली, तिला खाच दुसऱ्या बाजूला. अर्ध्या तासाने मी पोचलो तेव्हा पोरीने पायरीवर पिनांच्या चार रांगा लावल्या होत्या आणि मल्हारी दारात तोंड पाडून उभा होता.

"काका, ह्या खाचा मुद्दाम मारल्यात ना?"

मल्हारी पायरीपर्यंत आला. मग खाली बसला आणि एका पिनेवर बोट ठेवून म्हणाला, "डावा कान. जालन्याचा माल, पाडव्याच्या आधीचा. हा उजवा, पाडव्यानंतरचा. शेंड्याला काप म्हंजे दुसऱ्या व्यापाऱ्याचा." सळयांच्या टोकांना गेरू आणि निळीचे पट्टे होते, तेही त्याच हिशोबाने. बारा वर्षं हा माणूस आपल्या पिनांचे कान कापत होता आणि कंपनीला, मला, कासाबाईलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता. का, तर रामप्रसाद खूण चोरून स्वतःचा खराब माल त्याच्या नावावर खपवील.

निकिताने त्याच खुणांचा तक्ता केला. जूनमध्ये कंपनीचा तपासनीस अमृत आला, तिशीतला, पायात लोखंडी टोपीचे बूट. तक्ता बघून आधी हसला. मग ढिगातून डोळे मिटून पाच पिना काढल्या. मल्हारीने पाचांचं कूळ सांगितलं, निकिताने सळईचे तुकडे काढून जुळवून दाखवले. अमृतने तक्त्याचा फोटो घेतला, मल्हारीला पास केलं. रामप्रसादही पास झाला, त्याच्या संगणकातून कागद छापून. अमृतची गाडी वळायच्या आत मल्हारीने मला विचारलं की फोटो कुणाला दाखवायला नेला असेल.

जानेवारीत, ऊसतोडीच्या भर हंगामात, गंगाखेड रस्त्यावर एक टेम्पो बसला. परमेश्वर नावाचा ड्रायव्हर कापूस वेचायला बायका घेऊन चालला होता. कमानपाट्याची पिन निसटली, गाडी एका अंगाला कलली आणि बायका रस्त्यावर सांडल्या. बाकीच्यांना खरचटलं. सरजाबाई नावाच्या एकीचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. पाटे महिन्यापूर्वीच नवे घातलेले, ह्याच कंपनीचे. पिन काढली तर चावून टाकलेल्या उसासारखी झिजलेली. तसा माल त्या महिन्यात दोघांनीच दिला होता, मल्हारीने आणि रामप्रसादने. दोघांना कागदपत्रांसह बोलावणं आलं. कागद म्हटल्यावर मीही गेलो.

संभाजीनगरला कंपनीच्या खोलीत टेबलावर ती पिन पांढऱ्या कापडावर ठेवली होती. शेजारी मल्हारीच्या खुणांचा तक्ता. अमृतने पिन भिंगाखाली धरून सगळ्या बाजूंनी फिरवली. झीज मधल्या भागाला होती, डोकं शाबूत होतं. कुठेच खाच नव्हती. तो म्हणाला, काका, तुमचा सवाल मिटला. मग रामप्रसादकडे वळला.

रामप्रसादचा चेहरा उतरला. तो लेकरांची शपथ घेऊन सांगत होता की त्याच्याकडे नरम लोखंड येतच नाही, दाखले आहेत. अमृतने दाखल्यांना हात लावला नाही. ठरलं असं: चार दिवसांत रामप्रसादचा क्रमांक बंद, तीन महिन्यांचा सगळा माल परत. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी रामप्रसादची कीव आली नाही. मी मल्हारीकडे बघत होतो. त्याने पिन उचलली, ग्रीसच्या भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि ती कापडावर जशी होती तशी ठेवली.

परतताना एसटी जालन्याच्या स्टँडवर थांबली तेव्हा मी स्वतःच्या पैशाने दोघांना चहा घेतला, हे लक्षात घ्यावं. मी म्हणालो, बारा वर्षं म्हणत होतास रामप्रसाद पकडला जाईल, ठरलास ना खरा. तो एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. चहावर साय धरली. मला वाटलं, शत्रू गेल्यावर माणसाला थोडं रिकामं वाटतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच तो आला. खुर्ची हलवून न बघता बसला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"एक कागद लिहा, बन्सीभाऊ. कंपनीला. ती पिन माजी हाय."

मी म्हणालो, डोकं ठिकाणावर आहे का, खाच कुठे होती तिला? तो म्हणाला, तीच तर खूण. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी हातातली पेन खाली ठेवली. खंडेनवमीला लेथशेजारी उभी राहणारी ती सळई देवाची. तिच्या पिनांचा कान तो कापत नाही, देवाच्या मेंढराचा कापत नाहीत म्हणून. आणि हळदकुंकू लावलेल्या सळईला ग्राइंडरही लावत नाही, भट्टीवाल्याकडून तापवून कडक करून आलेल्या तिच्या पिनांवर कानसही घासून बघत नाही. देवाचा माल जसा आहे तसा जातो. बारा वर्षं बारा सळया, एकीचीही ठिणगी त्याने पाहिलेली नव्हती. बाराव्या सळईला व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यातून नरम लोखंड आलं.

"कशावरून तुझीच? रामप्रसादच्या पिनांनाही खाच नसते."

"त्याचं भोक मशीन पाडतंय, कड सारखी गोल येतीय. माजी कड मी हातानं मोडतो, धार ऱ्हाऊ नये म्हनून. अर्ध्यात हात उचलावा लागतो, तिथं बारीक उंचवटा राहतो. आपलं मेंढरू कान बघून वळखायचं आसतं व्हय?"

इथे मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहितो. मी उठून दार लोटलं आणि त्याला समजावलं. तुझा तक्ता म्हणतो तुझी नाही, अमृत म्हणतो तुझी नाही. तू गप्प बसलास तर कुणाला कळणार नाही. क्रमांक गेला तर शेड जाईल, पन्नाशीला तू पुन्हा कुणाच्या लेथवर उभा राहणार? आणि रामप्रसादने तुझ्या जागी हे केलं असतं का?

"त्याचं त्याच्यापाशी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "काल दवाखान्यात जाऊन आलो. सरजाबाईला वाटलं मी ड्रायव्हरचा कुणी हाय. म्हनली, नशिबात व्हतं, त्या लेकराला बोल लावू नका. मला डब्यातली भाकर देयाला लागली, डाव्या हातानं."

मी खाली ठेवलेली पेन उचलली.

"आन्‌ बाकीच्या अजून फिरायल्यात, बन्सीभाऊ. येकेका टेम्पोखाली."

मी कागद पुढे ओढला. लिहायला किती पिना ते हवं होतं. विचारलं तर तो थबकला. मेंढरं असोत की पिना, ह्याच्या तोंडून मी कधी आकडा ऐकला नव्हता. कंपनीच्या चलनावरही तो आकडा बोटाने दाखवायचा आणि मी लिहायचो. आता त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मोठ्याने म्हणाला, "छप्पन." जरा वेळाने म्हणाला, "येक निसटली. पंचावन्न."

कागद पुरा झाला, त्याने सही केली. वाचून न बघता केली. जाताना दारात थांबला.

"समद्या दुनियेवर शक घेतला, बन्सीभाऊ. देवावर कसा घ्यायचा, ते बापानं शिकवलंच न्हाई."

पुढचं सगळं त्याच्या स्वभावाला शोभेल असं झालं, फक्त उलट्या बाजूने. आता सगळ्यांनी त्याच्यावर शक घेतला. अमृतला वाटलं, एवढं कबूल करतोय म्हणजे याहून मोठं काही दडवतोय. त्याने बारा वर्षांच्या बारा सळया खोदून विचारल्या, मल्हारीने बारांचाही हिशोब दिला. जालन्याच्या व्यापाऱ्याला वाटलं, हा भरपाई मागणार, म्हणून त्याने फोन उचलणं बंद केलं. रामप्रसाद माझ्या दुकानी येऊन तासभर बसला. त्याचा क्रमांक वाचला होता, माल परत येणार नव्हता, आणि तरी तो पुन्हापुन्हा एकच विचारत होता, "खरं सांगा, यात त्याचा डाव काय हाय?" मी तीनदा सांगितलं, काही डाव नाही. चौथ्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी त्याला हाकललं.

कंपनीच्या गोदामात बिनखुणेच्या पिनांचा डोंगर होता, रामप्रसादच्या आणि देवाच्या एकत्र. मल्हारी आणि निकिता तिथे दोन दिवस जमिनीवर बसले. तो एकेका भोकावरून अंगठा फिरवायचा आणि देवाची पिन बाजूला काढायचा, निकिता तिला कानस लावून बघायची. एकोणचाळीस निघाल्या. कानस एकोणचाळिसांवरही रुतली, म्हणजे सगळ्या नरम. उरलेल्या गॅरेजांत आणि दुकानांत पोचल्या होत्या. निकिताने जिल्हाभर फोन केले, कंपनीने बदली माल दिला, तेरा परत आल्या. तिघींचा पत्ता आजतागायत नाही.

क्रमांक एका वर्षासाठी बंद झाला. अमृतने मला बाजूला घेऊन सांगितलं की खरं बोलल्याबद्दल सूट द्यायचा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. मी त्याच्यावर चिडलो नाही, मी तसेच फॉर्म भरत आलोय. निकिताने तिच्या अहवालात लिहिलं की परभणीत पोलाद तपासायचं सामायिक यंत्र असतं तर ही वेळ आली नसती. अहवाल वर गेला. 'विचाराधीन' असा शेरा असलेली प्रत माझ्या कपाटात आहे. मी मल्हारीला ती दाखवली तेव्हा तो म्हणाला की यंत्र आलं असतं तरी देवाची सळई त्याने यंत्राला लावली नसती. मग माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली.

आता तो ट्रॉलीच्या पिना करतो, फवारणीच्या पंपांचे दट्टे करतो, पेरणीयंत्रांची मोडतोड दुरुस्त करतो. पोट भरतं, जेमतेम. रस्त्याने जाताना कुठे टेम्पो उभा दिसला की सायकल टेकवून खाली वाकतो आणि पिनेवर अंगठा फिरवतो. दोनदा ड्रायव्हरांनी त्याला डिझेलचोर समजून धरला. एकदा मला सोडवायला जावं लागलं. जीभ वळवळत होती, आला ना अनुभव शकाचा म्हणून, पण आवरली.

गेल्या खंडेनवमीला त्याने मला आणि निकिताला बोलावलं. लेथला झेंडूचा हार होता. शेजारी नवी सळई उभी, कासाबाईने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. मी पेढ्यासाठी हात पुढे करणार एवढ्यात मल्हारीने सळई उचलली आणि ग्राइंडरकडे निघाला.

कासाबाई म्हणाली, "आज नका लावू. उद्या बगा."

"बगायचं टाळलं म्हनून तर त्या बाईचा हात मोडला," तो म्हणाला.

तिने तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. मल्हारीने सळईचं हळदीचं टोक कपाळाला लावलं. कपाळावर पिवळा ठसा उमटला. मग हलक्या आवाजात, आम्हाला ऐकू येईल न येईल असं, म्हणाला, "देवा, राग धरू नको. तुजी बी ठिणगी बगतो."

त्याने बटण दाबलं. हळद आधी जळाली, तिचा वास शेडभर पसरला, आणि मग ठिणग्या निघाल्या. लांब गेल्या आणि टोकाला फुलल्या, एकूणएक. सळई पक्की होती. निकिताने टाळी वाजवायला हात उचलले.

मल्हारीने सळई उलटी केली आणि दुसरं टोक लावलं.